पित्त समजून अंगावर काढलेला बीपी: माहेरी आलेल्या एका गरोदर मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच उपकेंद्राच्या हद्दीतलं. मी इथे सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गाव पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यातलं, नाव सांगत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत आणि मुलीचं नावही बदललंय, तिला आपण कोमल म्हणू. तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय, उलट आईच म्हणाली की मॅडम लिहा, चार बायकांना कळू दे.

कोमल २३ वर्षांची, पहिलटकरीण. लग्नानंतर चाकणला राहायला, नवरा तिथल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, सासू सोबत. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात तिचं नाव घातलेलं होतं आणि ती वेळच्या वेळी जातही होती, हे मुद्दाम सांगते कारण असं काही झालं की लोक आधी म्हणतात मुलीने तपासण्या केल्या नसतील. तिसऱ्या महिन्यात बीपी ११०/७०, पाचव्या महिन्यात ११६/७४, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात १३२/८६. त्याच महिन्यात वजन साडेतीन किलोने वाढलेलं. तिला सांगितलं गेलं की मीठ कमी खा आणि पुढची तारीख दिली महिन्यानंतरची. त्या तारखेच्या आधीच डोहाळजेवण उरकून ती एकतिसाव्या आठवड्यात माहेरी आली, पहिलं बाळंतपण माहेरीच करायची आपल्याकडची पद्धत.

येताना ती सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून, आणि बीपी, वजन, लघवीची तपासणी ज्यावर लिहिली होती ती फाइल राहिली चाकणला कपाटात. हे मी दर महिन्याला बघते. घरच्यांच्या लेखी सोनोग्राफी हीच खरी तपासणी, त्यात बाळ चांगलं दिसलं की सगळं चांगलं. पण सोनोग्राफी बाळाची वाढ सांगते, पाणी सांगते, आईचा बीपी किती झालाय ते काही ती सांगत नाही.

नेमकं काय होत होतं

आधी थोडं आजाराबद्दल, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे पाचव्या महिन्यानंतर, नेमकं सांगायचं तर विसाव्या आठवड्यानंतर, बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जाणं आणि सोबत लघवीतून प्रोटीन जाणं किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट, मेंदू यातल्या कशावर तरी परिणाम दिसणं. मूळ गडबड असते वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात. गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला पाहिजेत म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं, काही बायकांमध्ये त्या नीट रुंद होत नाहीत, मग कमी रक्तावर चालणारी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात म्हणून बीपी चढतो, पाझरायला लागतात म्हणून सूज येते आणि लघवीत प्रोटीन उतरतं, लिव्हर सुजतं म्हणून छातीच्या खाली पोटात दुखतं, मेंदूवर ताण येतो म्हणून डोकं दुखतं आणि डोळ्यापुढे चमकतं. याच्या पुढची पायरी म्हणजे झटके, त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात, आणि त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

आता कोमलच्या घरी काय चाललं होतं बघा. बत्तिसाव्या आठवड्यात पाय सुजले. आई म्हणाली आठव्यात सुजतातच, पाय उशीवर ठेव. पायाची सूज खरंच बऱ्याच जणींना येते, त्यामुळे आईचं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. पण मग हात सुजले, चेहरा सकाळी उठल्यावर भरलेला दिसायला लागला. डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा, तेव्हा कोपरापर्यंत मागे सरकायचा, तो आता मनगटात रुतून बसला होता आणि दोन बांगड्यांच्या मध्ये कातडी फुगून वर आली होती. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या माहेरचं खाणं मानवलं पोरीला.

मग डोकं दुखायला लागलं, कपाळावर, दिवसभर. गावातल्या मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणली, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, परत सुरू. पोटात वरच्या बाजूला, छातीच्या खाली, आवळल्यासारखं दुखायचं आणि दोनदा उलटी झाली. त्याला घरात पित्त म्हणाले आणि मेडिकलमधूनच पित्ताचं गुलाबी औषध आलं. डोळ्यापुढे ठिपके चमकतात म्हणाली तर मोबाईल कमी बघ. प्रत्येक त्रासाला घरात आधीच एक ओळखीचं नाव तयार होतं आणि प्रत्येक नावाला एक साधा उपाय होता, म्हणून सगळे त्रास मिळून एकच काहीतरी सांगताहेत हे कोणाच्याच मनात आलं नाही. आणि हे अडाणी घर नाही हो. वडील बारावी झालेले, कोमल स्वतः बी.कॉम.

आमच्या आशाताईंना ती गावात आल्याचंच माहीत नव्हतं. त्यांच्या वहीत गावात नोंद झालेल्या गरोदर सुना असतात, माहेरी आलेली लेक कोणी सांगितलं तरच यादीत येते. त्या दिवशी त्या गेल्या होत्या शेजारच्या चुलत भावजयीच्या बाळाच्या लसीचं सांगायला. ओसरीवर कोमल डोक्याला ओढणी घट्ट बांधून बसलेली. आशाताईंची नजर आधी गेली बांगड्यांवर. त्यांनी विचारलं डोकं कधीपासून दुखतंय, डोळ्यापुढे काही होतं का, पोटात नेमकं कुठं दुखतं दाखव बरं. कोमलने बोट ठेवलं ते बरोबर छातीच्या खाली, दोन्ही बाजूंच्या बरगड्यांच्या मधे. आशाताईंनी तिथूनच मला फोन लावला, "मॅडम, मशीन घेऊन लगेच या, उद्यावर नको."

मी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. तिला भिंतीला टेकून बसवलं, पाय जमिनीवर, हात उशीवर छातीच्या उंचीला, ड्रेसची बाही वर केली (कपड्यावरून पट्टा बांधून घेतलेला बीपी चुकतो, हे कृपा करून लक्षात ठेवा) आणि थोडा वेळ कोणालाच बोलू दिलं नाही. बीपी १५६/१०४. पंधरा मिनिटांनी परत घेतला, १५४/१०२. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन दोन प्लस. तेहतिसावा आठवडा चालू.

कोणकोणते पर्याय होते

आकडा १६०/११० च्या खाली होता, म्हणजे कागदावर बघितलं तर बीपी अजून अतितीव्र नव्हता. पण गोळीने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यापुढे चमकणं आणि छातीखालचं दुखणं ही तिन्ही लक्षणं असल्यावर आकड्याची वाट बघत बसायचं नसतं, ते तीव्र प्रीएक्लॅम्पसियाच धरायचं. माझ्या मनात दवाखान्यात न्यायचं की नाही हा प्रश्न नव्हताच. कुठे, कशाने आणि वाटेत काय करून, हे ठरवायचं होतं. घरच्यांच्या मनात मात्र वेगवेगळं चाललं होतं आणि ते सगळं ऐकून घेणं भाग होतं, कारण निर्णय शेवटी त्यांचाच.

आई म्हणाली चार दिवसांनी ९ तारीख आहे, तेव्हा तपासणीला नेऊ की. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, २०१६ पासून हे चालू आहे, जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो, चांगली योजना आहे आणि आम्हीच घरोघरी सांगून ती तारीख लोकांच्या डोक्यात बसवलीय. पण ती नेहमीच्या तपासणीची तारीख, डोकं दुखत असलेल्या बाईने तिची वाट बघायची नाही, हे आम्ही कधी तितकं ठासून सांगत नव्हतो.

चुलते म्हणाले तालुक्याच्या गावी ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांचं नर्सिंग होम आहे, सिझर पण करतात. बरोबर आहे, पण तेहतीस आठवड्यांचं बाळ जन्मलं तर त्याला काचेत ठेवायची सोय तिथे नाही, रक्तपेढी नाही. रात्री उशिरा तिथूनच पुढे पाठवलं असतं तर मधले तास गेले असते आणि पैसेही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तीच अडचण, शिवाय भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येणार.

सासूबाईंचा फोन आला, त्यांचं म्हणणं इकडेच घेऊन या, आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळं माहितीये. त्यांचंही चुकत नव्हतं, काळजीच होती ती. पण चार तासांचा रस्ता, खाजगी गाडीत, कुठलंही इंजेक्शन न देता. वाटेत झटका आला तर गाडीत कोण काय करणार?

राहिला जिल्हा रुग्णालयाचा पर्याय. सत्तर किलोमीटर, पण तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ चोवीस तास, रक्त मिळतं, नवजात बाळांचा कक्ष आहे. सरळ तिकडे निघायचं की आधी नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबून पहिला डोस द्यायचा? मी आमच्या मेडिकल ऑफिसर सरांना फोन लावला, ते म्हणाले इथे आणा, इंजेक्शन काढून ठेवतो, अर्ध्या तासात पुढे पाठवतो. तेच ठरवलं. सत्तर किलोमीटर नुसतं पळण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं थांबून औषध देऊन पळणं जास्त सुरक्षित, आणि या एका निर्णयाबद्दल मला आजही जराही शंका नाही.

काय केलं

१०८ ला फोन केला, पण घरातून हो म्हणायलाच तासाभराच्या वर गेला. जावयाला विचारल्याशिवाय कसं न्यायचं? आणि जावयाचा फोन लागेना, कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो, शिफ्ट तीन वाजता सुटणार. वडील नुसते येरझाऱ्या घालत होते. सिरियस आहे, धोका आहे असे शब्द मी वापरून बघितले पण त्याने माणसं घाबरतात आणि घाबरलेली माणसं अजून चार जणांना फोन लावत बसतात. मग मी कागदावर लिहिलं, तिसऱ्या महिन्यात ११०/७० (हा आकडा कोमलला स्वतःला पाठ होता, तिचं कौतुक), आज १५६/१०४, पंधरा मिनिटांनी १५४/१०२. आणि लघवीची पट्टी वडिलांच्या हातात दिली, म्हटलं काका, बाटलीवरच्या रंगांना लावून तुम्हीच बघा. प्रोटीनचा चौकोन निरोगी बाईचा पिवळा राहतो, हिचा हिरवा झालेला. त्यांनी उजेडात जाऊन पट्टी बाटलीला लावली, परत लावली, आणि आत येऊन म्हणाले, "पाहुण्यांना मी सांगतो काय ते, गाडी येऊ दे."

दरम्यान तिला डाव्या कुशीवर झोपवलं, खोलीतला गोंधळ कमी केला, आणि आईला सांगून ठेवलं की झटका आलाच तर कुशीवरच ठेवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, दात उघडायला जायचं नाही, कांदा चप्पल काही हुंगवायचं नाही, किती वेळ चालला ते घड्याळात बघायचं. हे सांगत असताना कोमलची आई एकदम खाली बसली आणि म्हणाली, "मॅडम, हिच्या वेळी माझी दातखीळ बसली होती."

कोमलच्याच जन्माच्या वेळी, तेवीस वर्षांपूर्वी, आईला आठव्या महिन्यात असंच डोकं दुखून झटके आले होते. घरात बाहेरचं लागलं म्हणून आधी अंगारा लावला, देवऋष्याकडे नेलं, मग कोणीतरी जीप करून दवाखान्यात पोचवलं म्हणून माय-लेकी वाचल्या. ते आजारपण होतं असं तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे चाकणच्या दवाखान्यात घरात कोणाला बीपी, शुगर आहे का असं विचारलं तेव्हा कोमलने नाही सांगितलं, आणि तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं.

१०८ आली, प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलो तोवर बीपी १६८/११२ झाला होता. सरांनी बीपी उतरवायला निफेडिपिनची १० मिलिग्रॅमची गोळी तोंडाने दिली आणि मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, १० ग्रॅम, कमरेत दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम खोलवर. एका अँप्युलमध्ये एकच ग्रॅम असतं त्यामुळे दहा अँप्युल फोडाव्या लागतात, नर्सताईंनी आम्ही पोचायच्या आतच सिरिंज भरून ठेवल्या होत्या म्हणून वेळ वाचला. इंजेक्शन खूप दुखतं, अंगात गरम गरम वाटतं, ते आधीच तिला सांगितलं. हे औषध स्वस्त आहे आणि जुनं आहे, २००२ मध्ये मॅगपाय नावाच्या मोठ्या अभ्यासात १०,००० वर बायकांवर बघितलं गेलं की याने झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनचाही पहिला डोस तिथेच दिला. लघवीची नळी घातली, गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का ते आणि श्वासाची गती बघितली, चिठ्ठीवर कुठलं औषध किती वाजता दिलं ते मोठ्या अक्षरात लिहिलं, सरांनी जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूमला फोन करून नाव आणि आकडे सांगितले, आणि गाडी निघाली. आशाताई सोबत गेल्या.

पुढे काय झालं

जिल्हा रुग्णालयात तिला थेट आत घेतलं. पहिल्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट १,२०,०००, लिव्हरचे आकडे वाढलेले. बीपी लॅबेटालॉलवर आटोक्यात आला तेव्हा डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं, म्हणजे डेक्सामेथासोनचे सगळे डोस पूर्ण होऊ द्यायचे, पण दर काही तासांनी रक्त तपासत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकेदुखी परत सुरू झाली आणि प्लेटलेट ९२,००० वर आल्या, मग वाट बघितली नाही, त्याच रात्री सिझर केलं. या आजारावर खरा उपाय एकच, बाळ आणि वार बाहेर काढणं, बाकीची औषधं आईला तोवर सांभाळतात.

मुलगी झाली, १,४८० ग्रॅम. नवजात कक्षात ठेवली, सुरुवातीला ऑक्सिजन लागला, नंतर नळीने दूध, आणि मग कोमलने आणि तिच्या आईने आळीपाळीने छातीशी धरून कांगारू पद्धतीने उबेत ठेवली. नवऱ्यानेही धरली, पहिल्यांदा लाजत होता मग सोडेना.

झटका आला नाही. पण गोष्ट इथे संपली नाही आणि हा भाग बायकांना अजिबात माहीत नसतो. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी तिचा बीपी परत १६०/१०८ झाला, डोकं दुखायला लागलं. बाळ नवजात कक्षात असल्यामुळे ती अजून दवाखान्यातच होती, वॉर्डातल्या सिस्टरने बीपी घेतला म्हणून कळलं, गोळ्यांचा डोस वाढवला आणि आटोक्यात आला. बाळ तब्येतीचं असतं तर ती त्या दिवशी घरी असती, कदाचित शेकशेगडी आणि डिंकाच्या लाडवांच्या गडबडीत, आणि डोकं दुखतंय म्हटल्यावर घरात म्हणाले असते झोप नाही ना होत, दुखणारच. प्रीएक्लॅम्पसिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत त्रास देऊ शकतो, कधीकधी तर गरोदरपणात सगळं नॉर्मल असलेल्या बाईला नंतर पहिल्यांदा होतो.

घरी आल्यावर आशाताईंच्या बाळाला बघायच्या भेटी ठरलेल्या असतातच, त्या प्रत्येक भेटीला मी सोबत जाऊन किंवा तिला उपकेंद्रात बोलावून बीपी घेतला. गोळ्या हळूहळू कमी होत दोन महिन्यांनी बंद झाल्या. मुलगी आता अंगाने भरलीय.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा म्हणजे अठ्ठाविसावा आठवडा. १३२/८६ ला कोणी प्रीएक्लॅम्पसिया म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या मुलीचा बीपी ११०/७० असायचा तिचा इतका चढलाय आणि महिन्यात वजन साडेतीन किलो वाढलंय, तर एक लघवीची तपासणी आणि महिन्याऐवजी आठवड्याने परत बोलावणं एवढं सहज होण्यासारखं होतं. मीठ कमी करून हा आजार थांबत नाही. आणि ती माहेरी जाणार हे तेव्हा माहीत होतं, तर फाइल सोबत ने, तिथे गेल्या गेल्या बीपी दाखव, हे एक वाक्य कोणीतरी बोलायला हवं होतं.

दुसरी जागा त्याच्याही आधीची, आणि मला सगळ्यात जास्त हीच लागते. आईला झालेलं असेल तर लेकीला धोका वाढतो. पहिलं बाळंतपण अधिक आईला झालेलं, हे दोन्ही मिळून आले की डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करायचा विचार करतात, तिने धोका कमी होतो (स्वतःच्या मनाने घ्यायची गोळी नाही ही, उशिरा सुरू करून तिचा तसा उपयोगही नाही). कॅल्शियमच्या गोळ्याही कोमलने बद्धकोष्ठ होतो म्हणून सोडल्या होत्या. आपल्याकडे आहारात कॅल्शियम कमी असतं आणि अशा ठिकाणी कॅल्शियमने प्रीएक्लॅम्पसियाचा धोका उतरतो, म्हणूनच चौथ्या महिन्यापासून सरकार दिवसाला दोन गोळ्या देतं, नुसत्या हाडांसाठी नाही, पण हे कारण सांगून गोळी देणारं कोणी भेटत नाही. आता मी बीपी आहे का असं न विचारता वेगळं विचारते, की तुझ्या आईला, मावशीला, बहिणीला बाळंतपणात झटके आले होते का, दातखीळ बसली होती का, बाहेरचं झालं असं कोणी म्हणालं होतं का, आठवा महिना भरायच्या आत बाळ काढावं लागलं होतं का. असं विचारलं की बायका बोलतात. घरात आई किंवा आजी बसलेली असताना विचारलं तर जास्तच.

तिसरी जागा मेडिकलचं दुकान. तेहतीस आठवड्यांची गरोदर मुलगी आठवड्याभरात डोकेदुखीची गोळी आणि पित्ताचं औषध नेते, दुकानदार ओळखीचा, त्यालाही काही वावगं वाटलं नाही आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कोणी सांगितलंय? आम्ही जाऊन सांगितलं. गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई डोकं, डोळे किंवा पोटाच्या वरच्या भागासाठी औषध मागत असेल तर औषध द्यायच्या आधी बीपी तपासायला पाठवा. तेव्हापासून त्याने तीन जणींना पाठवलंय, दोघींचा बीपी चांगला होता, एकीचा १४४/९२ निघाला आणि ती वेळेत उपचाराला लागली. मला विचाराल तर आम्ही केलेल्या सगळ्यातलं हे सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात कामाचं.

चौथी जागा माहेर आणि सासर यांच्या मधली. आता दर सोमवारी आशाताई गावात नुसतं विचारतात, कोणाची लेक बाळंतपणाला आलीय का, आणि माहेरवाशिणींची वेगळी वही केलीय. आल्यापासून आठवड्याच्या आत बीपी, वजन, लघवी, आणि सासरकडच्या तपासणीच्या पानांचे फोटो मोबाईलवर मागवून घ्यायचे. खाजगीत नाव असलं तरी माता बाल संरक्षण कार्ड इथे करून द्यायचं. सोपं वाटतं पण शहरातून आलेल्या काही घरांना सरकारी कार्ड नको असतं, आमचे डॉक्टर आहेत म्हणतात, तिथे भांडून उपयोग नाही, बीपी तेवढा घेऊ द्या म्हटलं तर नाही कोणी म्हणत नाही.

आणि घरातला तासभर. जावयाचा फोन लागेपर्यंत थांबणं हा मुलीच्या घरच्यांचा मान-अपमानाचा प्रश्न असतो हे मी समजू शकते. म्हणून आता ओटीभरणाच्या आसपासच दोन्ही घरांना फोनवर एकत्र घेऊन विचारून ठेवतो, अचानक न्यायची वेळ आली तर कोण हो म्हणणार, कुठे न्यायचं, सोबत कोण जाणार. एकदा जावयाने स्वतःच्या तोंडाने सासऱ्यांना सांगितलं ना, की माझी वाट बघू नका, की पुढचं सगळं सोपं जातं.

एक गोष्ट मात्र लक्षणं सांगत फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांना लागू आहे. कोमलला लक्षणं होती म्हणून आशाताईंना दिसली. बऱ्याच जणींना काहीच होत नाही, सूजही नाही, डोकंही नाही, आणि बीपी १५० च्या वर असतो. त्यांना लक्षणांची यादी पाठ असून काय उपयोग? त्यांच्यासाठी बीपीचं मशीन आणि लघवीची पट्टी एवढंच, प्रत्येक भेटीला, न चुकता. म्हणून बैठकीत मी आता आधी प्रत्येकीला तिचा स्वतःचा शेवटचा बीपी विचारते. सुरुवातीला कोणालाच सांगता यायचा नाही, नॉर्मल आहे म्हणाल्या एवढंच. आता सांगतात, सासवासुद्धा सांगतात, आमच्या सुनेचा ११८/७६.

कोमलच्या कार्डावर मी लाल पेनाने लिहून दिलंय की आधीच्या बाळंतपणात तेहतिसाव्या आठवड्यात तीव्र प्रीएक्लॅम्पसिया, आईलाही झटके, पुढच्या वेळी दिवस गेल्याचं कळलं की बाराव्या आठवड्याच्या आत तज्ज्ञांना दाखवायचं. पुढे वय वाढल्यावर तिला बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यताही इतरांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे वर्षातून एकदा बीपी तपासायचाच. तिच्या धाकट्या बहिणीचं मागच्या वर्षी लग्न झालं, आता तिला तिसरा महिना लागलाय, सासर शेजारच्या तालुक्यात. आईनेच फोन करून मला कळवलं आणि लेकीला दवाखान्यात स्वतः घेऊन गेली, डॉक्टरांनी काही विचारायच्या आतच दातखीळ बसलेली सांगितली. अ‍ॅस्पिरिन सुरू झालीय, तिकडच्या नर्सताईंचा नंबर माझ्याकडे आहे, आणि सातव्या महिन्यात ती माहेरी येईल तेव्हा वहीत तिचं पान आधीच तयार आहे.